घरात काही कमी आहे म्हणून मी असली पुस्तकं वाचते का?

नागपूरच्या एका ताईंचं पत्र आहे. वय ४१, कार्यालयात हिशेबाचं काम, नवऱ्याची शिफ्टची नोकरी, मुलगी १५ वर्षांची. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. वर्षभरापासून त्या प्रेम आणि खुनाचा तपास एकत्र असलेल्या कादंबऱ्या वाचतात: मेट्रोत, डब्याच्या सुट्टीत, आणि रात्री कूलर लावून सगळे झोपले की मोबाइलवर. मागच्या पावसाळ्यात त्यांची आई गेली, त्यानंतर वाचन वाढत गेलं. सध्याच्या कादंबरीत नायिकेच्या बहिणीचा खून झालाय, आणि तपास करणारा अधिकारी व नायिका एकमेकांत गुंतत चाललेत. त्यातला एक प्रसंग ताईंनी पुन्हापुन्हा वाचला. अधिकारी घरी जबाब घ्यायला येतो. नायिका चहा टाकते, सवयीने बहिणीचा कप मांडते आणि मग तिच्या लक्षात येतं. अधिकारी तो कप तिथून हलवत नाही. फक्त विचारतो, "ती साखर किती घ्यायची?" पुढे शंभरेक पानांनी कळतं की खुनाच्या रात्री आपण कुठे होतो याबद्दल तो खोटं बोलला आहे. ताईंनी तिथेच पुस्तक थांबवलं. आता पुढे वाचवत नाही, सोडवतही नाही. नवरा म्हणतो, "काय रात्रीबेरात्री खूनखराबा वाचून राहिली तू." धाकटी बहीण म्हणाली, "ताई, घरात काही कमी असलं की बायका असलं वाचतात." ते वाक्य डोक्यातून जात नाही. नवऱ्याशी त्या अधिकाऱ्याची तुलना होते. कोणाच्या तरी मरणाच्या गोष्टीत आपण प्रेमाची पानं शोधतो याची लाज वाटते. त्यातच मुलीने तेच पुस्तक मागितलं आहे. ताई विचारतात: माझं काही बिघडलंय का? हे वाचन बंद करू का?

ताई,

आधी सरळ उत्तर देते. वाचन बंद करू नका, आणि तुमचं काही बिघडलेलं नाही. पण पत्रात बऱ्याच गोष्टी एकमेकींत अडकल्या आहेत. त्या सोडवून बघू, कारण अशी पत्रं मला इतर बायकांकडूनही येतात आणि बहुतेकींनी मूळ दुखणं बाजूला ठेवून पुस्तकालाच आरोपी केलेलं असतं.

तुमच्या बहिणीचं वाक्य ऐकायला शहाणपणाचं वाटतं, पण तपासायला गेलं की टिकत नाही. घरात भूत नाही म्हणून कोणी भयकथा वाचत नाही. युद्धाची पुस्तकं वाचणाऱ्या काकांना कोणी विचारत नाही की तुमच्या आयुष्यात लढाई कमी पडली का. बाईने प्रेमाची गोष्ट हातात घेतली की मात्र लगेच तिच्या संसाराची झडती सुरू होते.

हा आरोप फार जुना आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये जुने वाडे, बंद खोल्या आणि संशयास्पद यजमान असलेल्या कादंबऱ्यांचं पेव फुटलं होतं. तुम्ही वाचता त्या प्रकाराचं मूळ तिथे आहे. तेव्हाही म्हणायचे की याने मुलींची डोकी बिघडतात. जेन ऑस्टिनच्या 'नॉर्थअँगर ॲबी'मध्ये, ही कादंबरी १८१७ च्या अखेरीस आली, अशीच एक वाचनवेडी मुलगी आहे. ती एका जनरलच्या घरी पाहुणी म्हणून जाते आणि वाचलेल्या गोष्टींच्या भरात तिला वाटू लागतं की या माणसाने आपल्या बायकोचा जीव घेतला असावा. तसं काही झालेलंच नसतं. तिला मेल्याहून मेल्यासारखं होतं. पण पुढे तोच जनरल, ही मुलगी आपल्याला वाटली तेवढी श्रीमंत नाही हे कळताच तिला एकटीला घरातून काढून देतो. गुन्ह्याबद्दल तिचा अंदाज साफ चुकला. माणसाबद्दल मात्र फारसा चुकला नव्हता. मला हा भाग फार मोलाचा वाटतो. समोरचा माणूस गोड बोलतोय, तो खरा आहे का, हा प्रश्न बायकांना लग्नाच्या बोलणीपासून नोकरीच्या मुलाखतीपर्यंत सगळीकडे सोडवावा लागतो. तुमच्या कादंबऱ्या शेवटी तोच प्रश्न घेऊन बसलेल्या असतात.

आणि आपल्याकडे तरी काय वेगळं? बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून जास्त रहस्यकथा लिहिल्या. वाचनालयांतून त्या घरोघर जायच्या, आणि ज्यांनी वाचल्या त्यांनी संसारही नीट केले.

तरीही ते वाक्य तुम्हाला लागलं. खोटं असतं तर दोन दिवसांत विसरला असतात. मग मी तुमचं पत्र पुन्हा वाचलं. काहीतरी कमी आहे, एवढं बहिणीचं बरोबर असावं. कुठे कमी आहे, ते तिने घाईत ठरवलं, आणि तिच्या मागोमाग तुम्हीही नवऱ्याकडे बघू लागलात.

एवढ्या मोठ्या कादंबरीतून तुम्ही मला कोणता प्रसंग लिहून पाठवला? पावसातली भेट नाही, जवळ घेण्याचा नाही. कपाचा. त्यात प्रेमाचा एक शब्द नाही. एका गेलेल्या बाईच्या सवयीबद्दल विचारलेला, तपासाला काडीचाही उपयोग नसलेला एक प्रश्न आहे. साखर किती घ्यायची हे कळून खुनी सापडणार नसतो. तो प्रश्न मागे राहिलेल्या बहिणीसाठी असतो, ती अजून मनात जिला वागवते आहे तिला जागा देणारा. आणि पत्रात एका ओळीत, जाता जाता, तुम्ही लिहिलंय की मागच्या पावसाळ्यात आई गेली.

आपल्या घरांत माणूस गेलं की काय होतं ते तुम्हाला ठाऊक आहे. तेरवीपर्यंत घर भरलेलं असतं. येणारा प्रत्येक जण विचारतो, काय झालं होतं, मेडिकलला होत्या की खासगीत, किती दिवस होत्या, शेवटी बोलल्या का. उत्तरं देऊन देऊन पाठ होतात. मग कागद सुरू होतात. २१ दिवसांच्या आत मृत्यूची नोंद, दाखल्याच्या प्रती, बँकेत नॉमिनीचे फॉर्म, रेशन कार्डावरून नाव कमी करणं. हिशेबाचं काम करणाऱ्या मुलीवरच हे सगळं येतं, तुमच्यावरही आलंच असेल. कागद संपले की सगळ्यांच्या लेखी विषय संपतो. आई चहात साखर किती घ्यायची, हे कोणीच विचारत नाही. विचारलं तर रडू येईल म्हणून लोक टाळतात, आणि त्यांना वाटतं आपण समजूतदारपणा दाखवला.

खुनाच्या तपासाच्या गोष्टीत नेमकं उलटं घडतं. एक बाई गेली म्हणून तिथे सगळं थांबतं. तिने शेवटचं काय खाल्लं, कोणाशी बोलली, कुठली साडी नेसली होती, कोणावर रुसली होती, हे कोणीतरी वहीत टिपून घेतं आणि त्यासाठी दहा दारं ठोठावतं. तिचं जाणं हे कोणाचं तरी काम होऊन बसतं. ज्या मुलीची आई साध्या आजाराने, कुठलाही गुन्हा न घडता गेली, तिला असा शोध कधीच मिळत नाही. आईबद्दल इतक्या बारकाईने कोणी विचारावं असं तुम्हाला वाटत असेल, तर त्यात नवल काय! मी तुम्हाला भेटलेले नाही, फक्त पत्र वाचलंय, तेव्हा हे बरोबर आहे का ते तुम्हीच ठरवा. पण तो प्रसंग वाचताना डोळ्यांपुढे कोण आलं, एवढं स्वतःला विचारून बघा.

हे पटलं तर पहिला फोन बहिणीला करा. पुस्तकांवरून वाद घालू नका, तिचं म्हणणं खोडूही नका. तिचीही आई गेली आहे, आणि तुम्ही रात्री काय वाचता यावर तिने लक्ष ठेवलं, याचा अर्थ ती तुमच्याभोवती घुटमळते आहे. तिला एखादा बारीक प्रश्न विचारा. आई पाटवडीच्या रश्श्यात नेमकं काय घालायची? भांडण झालं की आधी कोणाशी बोलायची, तुझ्याशी की माझ्याशी? "आईची आठवण येते का" असं विचारलं तर "येते ना" म्हणून ती फोन ठेवेल. रश्श्याचं विचारलं तर अर्धा तास बोलेल.

आता नवऱ्याबद्दल. तुलना होते याची लाज बाळगू नका, मात्र तुलना कशाची होते आहे ते नीट बघा. त्या अधिकाऱ्याचं ऐकणं लेखिकेने बसून, खोडून, पुन्हा लिहून घडवलेलं आहे. आणि विचारणं ही त्याची नोकरी आहे. तुमच्या नवऱ्याला ते पुस्तक म्हणजे मुखपृष्ठावरचा रक्ताचा डाग आणि रात्री दीडला उजळलेला मोबाइल एवढंच दिसतं. कपाचा प्रसंग त्याला माहीतच नाही. तो त्याला सांगा, गोष्ट सांगतात तसा. शिफ्टवरून आल्याआल्या नको, सुटीच्या दिवशी, जेवणं झाल्यावर. 'बघा, तो कसा विचारतो, तुम्ही कधी विचारता का' असं शेपूट मात्र लावू नका, नाहीतर तो प्रसंगही आरोपपत्र होईल. आई गेली तेव्हा त्याचीही सासू गेली. जावयाच्या मनात काय असतं ते आपण जवळजवळ कधीच विचारत नाही.

आणि तुम्हीही त्याला विचारा. "काय झालं आज?" याला घरोघरी एकच उत्तर मिळतं, "काही नाही". "आज डबा कोणाबरोबर खाल्ला?" याला दुसरं काहीतरी मिळतं. एकदा विचारून गप्प बसला तर लगेच निकाल लावू नका. न बोलण्याची सवय वर्षांची असते.

इथे इतर वाचकांसाठी एक गोष्ट ठळकपणे लिहिते, कारण सगळ्यांच्या घरी फक्त अबोला असतो असं नाही. पुस्तकातल्या संशयी, हात उगारणाऱ्या, फोन तपासणाऱ्या माणसाचं वर्णन वाचताना कोणाला आपलं घर आठवत असेल, तर पुस्तकावर चर्चा करत बसू नका. महिलांसाठीची १८१ ही हेल्पलाइन आहे, आणि जिवाची भीती असेल तर ११२. ताई, तुमच्या पत्रात अशी भीती कुठेही दिसली नाही, म्हणून मी तुमच्याशी वेगळं बोलते आहे.

मरणाच्या गोष्टीत प्रेमाची पानं शोधण्याच्या लाजेबद्दल. कपाच्या प्रसंगात प्रेम आणि मरण वेगळं काढता येतं का, सांगा बघू. बहीण गेली नसती तर तो प्रश्नच आला नसता. अशा पुस्तकाची माझी स्वतःची एक कसोटी आहे: जिचा खून झाला ती पन्नासाव्या पानानंतर माणूस म्हणून उरते का? तिची उधारी, तिचं हसणं, तिचा हट्ट, तिचं वाईट अक्षर पुन्हापुन्हा येत राहतं का? की पहिल्या प्रकरणात प्रेत झाली, कथा सुरू करून देण्याचं तिचं काम संपलं आणि ती विस्मरणात गेली? दुसऱ्या प्रकारची पुस्तकं बाजारात भरपूर आहेत आणि ती मला खरोखर आवडत नाहीत, त्यांतलं प्रेम कितीही गोड असो. तुमचं पुस्तक पहिल्या प्रकारातलं दिसतं. लाज वाटून घ्यायचं कारण नाही.

मुलीला ते द्यावं का? ती १५ वर्षांची आहे, मोबाइल हातात आहे, तुम्ही लपवलं तर ती शोधून वाचेल आणि एकटी वाचेल. शरीरसंबंधांची वर्णनं कितपत मोकळी आहेत ते आधी तुम्ही पूर्ण वाचून बघा. फारच असतील तर सरळ सांगा, "हे अजून दोन वर्षांनी", आणि दुसरं एखादं रहस्यकथेचं पुस्तक हातात द्या. बर्डी, महाल, धरमपेठ, कुठल्याही जुन्या वाचनालयात तिला घेऊन जा आणि तिचं तिला निवडू द्या. द्यायचं ठरलं तर वाचून झाल्यावर तिच्याशी बोला, आणि त्यासाठी तुम्हाला थोडी माहिती जवळ हवी.

कारण या कादंबऱ्यांत प्रेम म्हणून जे दाखवतात त्यातलं बरंच काही बाहेर गुन्हा ठरतं. नायक नायिकेच्या घराखाली रात्रभर गाडीत बसतो, ती नको म्हणाली तरी भेटत राहतो, तिचे मेसेज तपासतो. पानावर हे काळजीचं वाटतं. भारतीय न्याय संहितेत, जी १ जुलै २०२४ पासून लागू झाली, बाईने स्पष्ट नकार दिल्यावरही तिच्या मागे लागून पुन्हापुन्हा संपर्क साधणं किंवा तिच्या इंटरनेट, ईमेलवर पाळत ठेवणं हा कलम ७८ खाली गुन्हा आहे. मुलीला कलम पाठ करायला लावू नका. एवढंच विचारा, "तुझ्या क्लासमधल्या मुलाने असं केलं तर तुला कसं वाटेल?" आणि ती काय म्हणते ते मध्ये न बोलता ऐका.

दुसरं, तपासाचं. कादंबरीत साक्षीदार नायिकेला रात्री अकराला ठाण्यात बोलावतात आणि तिथे दोघांची नजरानजर होते. आपल्या कायद्यात साक्षीदार म्हणून चौकशी करायची असेल तर बाईला तिच्या राहत्या घराशिवाय दुसरीकडे यायची सक्ती पोलिसांना करता येत नाही. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १६० मध्ये ही तरतूद होती, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७९ मध्ये आहे. हे प्रत्येक मुलीला माहीत असायला हवं. शेवटच्या प्रकरणात खुनी अधिकाऱ्यापुढे घडाघडा कबुली देतो आणि खटला मिटतो, तेही इथे चालत नाही, पोलिसांपुढची कबुली आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून धरली जात नाही. पंचनामा, शवविच्छेदन, न्यायसहायक प्रयोगशाळेचा अहवाल, पंच आणि साक्षीदार यांवर सगळं उभं राहतं. आरोपी कोठडीत असेल तर खुनाच्या गुन्ह्यात आरोपपत्राला ९० दिवसांची मुदत असते आणि त्यापुढे खटला वर्षानुवर्षं चालतो. मृताच्या बहिणीवर प्रेम जडलेल्या अधिकाऱ्याच्या हाती तपास राहिला, तर बचाव पक्षाचा वकील पहिल्याच दिवशी त्याच्या चिंधड्या उडवेल. तुमचा नवरा "पोलीस असे नसतात" म्हणाला तर त्याचं ऐका, तो बरोबर आहे. हे सगळं ठाऊक असूनही गोष्टीत रमता येतं.

राहिलं तुमचं अर्धवट पुस्तक. ते रात्री वाचू नका. झोप मोडून वाचलेली भीती दुसऱ्या दिवशी हिशेबाच्या आकड्यांत उतरते आणि मग नवऱ्याच्या साध्या बोलण्यातही खोट दिसू लागते. मेट्रोत वाचा, गाडी उजेडात आणि माणसांत असते. आणि तो अधिकारी खुनी असेल या भीतीने थांबला असाल तर दोन गोष्टी तपासा. पुस्तक रोमँटिक सस्पेन्स म्हणून आलं असेल तर या प्रकाराचा वाचकांशी एक अलिखित करार असतो: जोडी शेवटी जिवंत आणि एकत्र असते, आणि नायकाच्या खोट्यामागे दुसरंच कारण निघतं. मानसशास्त्रीय थरारकथा असेल तर असा करार नाही, तिथे नवराही खुनी निघू शकतो. दुसरं म्हणजे, काही प्रकरणं त्या अधिकाऱ्याच्या मनातून लिहिलेली आहेत का? त्याच्या मनात आपल्याला मोकळेपणाने फिरवून आणल्यावर तोच खुनी काढायचा तर लेखिकेला वाचकाशी लबाडी करावी लागते, आणि चांगल्या लेखिका ते सहसा करत नाहीत. सगळं पुस्तक फक्त नायिकेच्या नजरेतून असेल तर मात्र सावध राहा.

एवढं करूनही धडधड थांबली नाही, तर शेवटचं प्रकरण आधी वाचा. पुष्कळ जणी तसं वाचतात. मग मागे येऊन उरलेली पानं निवांत वाचा, आणि मुलीला द्यायचं की नाही ते त्यानंतर ठरवा.